पदरमोडीची पुस्तके आणि वाङ्मयेतिहासाची नोंदवही

मराठी वाङ्मयेतिहासाने ‘प्रकाशन’ ही संकल्पना फारशी तपासून पाहिलेली नाही. लेखक लिहितो, प्रकाशक स्वीकारतो, मुद्रक छापतो आणि त्या सालापासून ग्रंथ वाङ्मयात अस्तित्वात येतो, असे गृहीत धरून कालखंड पाडले जातात. लेखकाने स्वतःच काढलेले पुस्तक या व्यवस्थेत आपोआपच दुय्यम ठरते. ‘पदरमोड करून काढलेले’ हे शब्द समीक्षेत वर्णन म्हणून क्वचितच येतात. बहुधा तो शेराच असतो. वस्तुतः लेखकाहून वेगळा, त्याच्या पुस्तकावर भांडवल लावणारा व्यावसायिक प्रकाशक मराठीत स्थिरावला तो बराच उशिरा. त्याआधीचा लेखक एक तर सरकारी आश्रयावर अवलंबून होता किंवा अगाऊ वर्गणीदारांवर. दोन्ही नसतील तर स्वतःच्या खिशावर. ज्याला आश्रय मिळणे शक्यच नव्हते, त्याच्या बाबतीत स्वप्रकाशन हा हौसेचा प्रश्न नव्हता. बोलायचे की गप्प बसायचे, एवढाच तो प्रश्न होता.

हा मुद्दा पुण्या-मुंबईच्या मुद्रणालयांतून पाहण्यापेक्षा ग्रामीण परिसरातून पाहिला तर अधिक स्पष्ट होतो. त्या दृष्टीने जुन्नर तालुका विचारात घेण्याजोगा आहे. माळशेज घाट चढून आलेला कल्याण-नगर रस्ता ओतूर, आळेफाटा, राजुरी, बेल्हे अशी गावे ओलांडत नगरकडे जातो. या एका रस्त्याच्या आधाराने मराठी स्वप्रकाशनाच्या निदान तीन अवस्था पाहता येतात.

पहिली अवस्था ओतूरची. १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक कार्यकर्ते या भागात वावरत होते. सावित्रीबाई फुले यांचे २० एप्रिल १८७७ चे म्हणून छापले जाणारे पत्र ओतूरहूनच लिहिलेले आहे. पुढे जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याचे लेखन १८८३ मध्ये पूर्ण झाले. ग्रंथ लिहीत असतानाच तो आपण कोठेकोठे वाचून दाखवला, याची यादी फुल्यांनी उपोद्घातात दिली आहे. तीत पुणे, मुंबई, ठाणे यांच्या जोडीला जुन्नर आणि ओतूर ही नावे आहेत. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकला आणि द्रव्यसाहाय्य केले. म्हणजे राजा आणि कुणबी हे दोघेही या ग्रंथाचे श्रोते होते. वाचक मात्र अद्याप कोणीच नव्हता. छापण्याचा प्रयत्न झाला तो ‘दीनबंधु’ या सत्यशोधकांच्याच पत्रातून. पाच प्रकरणांपैकी पहिली दोन प्रसिद्ध झाली आणि नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढचा मजकूर छापण्याचे थांबवले. राजद्रोहाची धास्ती हे त्याचे कारण सांगितले जाते. फुल्यांनी या भित्रेपणाबद्दल आपल्या माणसांनाही सोडले नाही. संपूर्ण ‘असूड’ मराठी वाचकांच्या हाती सहज येऊ लागला तो धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादिलेल्या ‘समग्र वाङ्मया’मुळे, म्हणजे १९६९ च्या सुमारास.

आता वाङ्मयेतिहासाने या ग्रंथाचे साल कोणते धरावे? १८८३ की १९६९? मुद्रण हेच प्रकाशन मानले तर ‘असूड’ हा जवळजवळ साठोत्तरी ग्रंथ ठरेल, आणि ते हास्यास्पद आहे. परंतु १८८३ हे साल मान्य केले की ओतूर-जुन्नरची ती बैठक हेच त्याचे प्रकाशन होते, हेही मान्य करावे लागते. श्रोत्यांपुढे झालेले वाचन हे ज्या समाजात ग्रंथाच्या प्रसाराचे नित्याचे साधन होते, तेथे हे म्हणणे मुळीच ओढूनताणून आणलेले नाही. हरिविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत हे ग्रंथ गावोगाव पोचले ते असेच: एकाने वाचायचे, दुसऱ्याने अर्थ सांगायचा आणि पारावर बसलेल्यांनी ऐकायचे. ‘असूडा’ची लांबलचक, वाक्यात वाक्य गुंफत जाणारी, मध्येच थांबून तपशिलांचा मारा करणारी शैली समीक्षकांना पुष्कळदा विस्कळीत वाटली आहे. ती कानासाठी रचलेली आहे, एवढे ध्यानात घेतले असते तर हा आक्षेप निराळ्या रीतीने मांडला गेला असता.

ओतूरचा दुसरा धागा याहून रोकडा आहे. येथील बाळाजी कुसाजी पाटील डुंबरे यांनी १८८० च्या दशकात घरची लग्नकार्ये ब्राह्मण पुरोहितावाचून सत्यशोधक पद्धतीने केली. गावच्या जोशांनी आपला हक्क बुडाल्याचा दावा लावला. जुन्नरला सुरू झालेला हा वाद मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि अखेर निकाल डुंबरे यांच्या बाजूने लागला. अशा वादांच्या काळातच, १८८७ मध्ये, फुल्यांनी मंगलाष्टकांसह पूजाविधींचे एक लहानसे पुस्तक काढले. वाङ्मयीन निकषांवर या पुस्तकाला कोणी स्थान देणार नाही. पण पुरोहिताच्या मुखातला विधी मराठीत, छापील स्वरूपात, कोणत्याही घरात ठेवता येऊ लागला की पुरोहिताची गरजच वादग्रस्त होते. पुस्तक येथे विचार सांगत नाही, काम करते. असे पुस्तक व्यावसायिक प्रकाशकाने काढण्याची वाट पाहिली असती तर ते निघालेच नसते.

सरकारी आश्रयाचा अनुभव फुल्यांनी आधीच घेतला होता. १८५५ चे ‘तृतीय रत्न’ नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले. ते प्रथम छापले गेले १९७९ मध्ये, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकात. म्हणून ‘सत्सारा’चे दोन अंक १८८५ मध्ये त्यांनी स्वतःच काढले. त्याच अंकांत त्यांनी ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या निबंधाची बाजू घेतली. तेही १८८२ मध्ये पुण्यात श्री शिवाजी छापखान्यात छापलेले, ५०० प्रतींचे, नऊ आणे किमतीचे पुस्तक. १९७५ मध्ये मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले नसते तर स्त्रीवादी समीक्षेला आपला एकोणिसाव्या शतकातील आधार कोठे सापडला असता, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे. एका छोट्या पुस्तकाला दुसऱ्या छोट्या पुस्तिकेने दिलेली ही साथ बड्या नियतकालिकांच्या परीक्षणांपेक्षा अधिक टिकाऊ ठरली.

याच रस्त्याने पूर्वेस गेले की नगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) लागतो. त्याच्या नेवासे तालुक्यातील तरवडी हे दुसऱ्या अवस्थेचे ठिकाण. कृष्णराव भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये ‘दीनमित्र’ हाती घेतले आणि पुढे तरवडीसारख्या खेड्यात छापखाना चालवून अर्धशतकाहून अधिक काळ टिकवले. येथे लेखक, संपादक, मुद्रक आणि विक्रेता जवळजवळ एकच. त्यांच्या ‘कुलकर्णीलीलामृत’, ‘शेटजीप्रताप’ या पुस्तकांची घाटणी पाहण्यासारखी आहे. ज्या पोथीच्या ओव्या श्रोत्यांच्या कानात बसलेल्या, त्याच पोथीचा साचा घेऊन गावचा कुलकर्णी आणि सावकार यांचे ‘माहात्म्य’ गायचे. हे विडंबन शहरी विनोदी लेखकाच्या विडंबनाहून वेगळे आहे. ऐकणाऱ्याला मूळ पोथी पाठ आहे आणि ज्याची खोड मोडायची तो कुलकर्णी चार घरे पलीकडे राहतो. एवढ्या जवळून लिहिण्याची किंमत काय असते, हे प्रस्तावना लिहवून घेऊन पुण्यात पुस्तक काढणाऱ्यास कळणे कठीण.

तिसरी अवस्था राजुरीसारख्या गावांची. ती आजही चालू आहे आणि म्हणूनच तिची दखल कोणी घेत नाही. या पट्ट्यातल्या घराघरांतून पुस्तके आली ती बहुशः दुकानातून नव्हे. आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी, ओतूरला तुकोबांच्या गुरुपरंपरेतील चैतन्यांचे स्थान. हा सगळा वारकरी मुलूख. हरिपाठाच्या, आरत्यांच्या, अभंगांच्या पातळ पुस्तिका यात्रेत आणि दिंडीत विकत घेतल्या जातात. दक्षिणेस नारायणगाव हे तमाशाचे माहेर. तेथल्या फडांनी वगलावण्यांची परंपरा पोसली. शिवाय सप्ताहाची स्मरणिका, शाळेच्या अमृतमहोत्सवाचा अंक, कुलवृत्तान्त, गावचा इतिहास, निवृत्त शिक्षकाचे आत्मकथन, वर्षश्राद्धाला वाटलेले स्मृतिपुस्तक, शेतीचे अनुभव सांगणारी पुस्तिका. हे सारे तालुक्याच्या छापखान्यात छापले जाते, पाचशे-हजार प्रती निघतात आणि त्या विकल्या न जाता वाटल्या जातात. यांतील बरेचसे लेखन सामान्य असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुष्कळ कुलवृत्तान्तांचा आरंभ थेट पुराणकाळापासून होतो आणि शेवट देणगीदारांच्या छायाचित्रांत. परंतु दुष्काळात कोणते कुटुंब कोठे गेले, कोणती वाट धरणामुळे बुडाली, कोणती जात कोणत्या शब्दाने स्वतःचा उल्लेख करते, हे जेथे लिहिलेले सापडते असे मराठीत दुसरे ठिकाण नाही.

या पार्श्वभूमीवर साठोत्तरी लघुनियतकालिकांना मिळालेले स्थान तपासावे लागते. १९५० च्या दशकातील चक्रमुद्रित ‘शब्द’, अशोक शहाणे यांचे ‘असो’, राजा ढाले यांचे ‘येरू’, पुढे शहाण्यांच्याच ‘प्रास प्रकाशना’ने १९७७ मध्ये काढलेले ‘अरुण कोलटकरच्या कविता’; यांचे मोल निर्विवाद आहे. मात्र प्रस्थापित प्रकाशनव्यवस्थेविरुद्धचे पहिले बंड म्हणून जेव्हा त्यांचा गौरव होतो, तेव्हा अमेरिकेतील बीट कवींशी असलेले नाते लगेच सांगितले जाते आणि तरवडीचा छापखाना कोणाला आठवत नाही. देशीयतेचा आग्रह धरणाऱ्या समीक्षेकडूनही ही चूक व्हावी, हे विशेष. कारण उघड आहे. लघुनियतकालिकांचे कर्ते स्वतः समीक्षक होते. आपला इतिहास त्यांनी स्वतः लिहिला. सत्यशोधक पुस्तककर्त्यांना ती सोय नव्हती.

इतिहासकाराला या पुस्तकांचा माग काढता येतो तो एका वसाहतकालीन कायद्यामुळे, हा त्यातला विरोधाभास. १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तके नोंदणी अधिनियमाने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव व स्थळ छापणे बंधनकारक केले, प्रती सरकारजमा करण्यास लावले आणि त्यांची त्रैमासिक यादी काढण्याची व्यवस्था केली. पुस्तकाचा विषय, पृष्ठसंख्या, प्रतींची संख्या, किंमत, हक्क कोणाचा, इतका तपशील त्यात असे. हेतू पाळतीचा होता. पण नजर ठेवणाऱ्याला अभिरुची नसते: त्याने कादंबरी आणि पंचांग, निबंध आणि लावणी एकाच रकान्यात लिहिली. शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथसूची १९४३ मध्ये निघाली, तीही अशीच सर्वसमावेशक आहे. पाककृतीचे पुस्तक आणि तत्त्वज्ञानाचा ग्रंथ यांना तिने सारखीच जागा दिली. वाङ्मयेतिहासाच्या खंडांपेक्षा या सूचीतून मराठी लेखनाचे खरे क्षेत्रफळ कळते.

१८६७ चा तो कायदा २०२३ च्या अधिनियमाने रद्द झाला आणि मार्च २०२४ पासून नवा कायदा अमलात आला. नव्या कायद्याचा विषय नियतकालिके हा आहे. पुस्तके त्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. प्रकाशकाने काही सार्वजनिक ग्रंथालयांना प्रती द्याव्यात, असे सांगणारा १९५४ चा कायदा आहे; पण सप्ताहाच्या मांडवात वाटलेल्या पुस्तिकेचा ‘प्रकाशक’ म्हणजे एखादी उत्सव समिती किंवा दिवंगताची मुले, आणि त्यांना तो ठाऊक असण्याचा संभव थोडा. आंतरराष्ट्रीय ग्रंथक्रमांकही अशा पुस्तिकांवर बहुधा नसतो. त्यांच्या काही प्रती राजुरी, बेल्हे, ओतूर येथील घरांच्या फडताळांत आणि गावच्या वाचनालयांत आहेत.