जर्सी कोणाची? दोन गोलरक्षक आणि एक साम्राज्य

१/ १९३६ साली अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला गेले. ऑलिंपिकच्या निमित्ताने तेथे त्याने कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. त्या काळी वऱ्हाडावर कागदोपत्री सार्वभौमत्व निजामाचे होते आणि प्रत्यक्ष कारभार इंग्रजांचा. खेळ मात्र या दोघांपैकी कोणाचाच नव्हता. मग ते खेळाडू कोणाचे म्हणायचे?

२/ परकीय सत्तेखालच्या भूमीत जन्मलेला खेळाडू कोणाच्या नावाने मैदानात उतरतो, हा प्रश्न वऱ्हाडापुरता नाही. पोर्तुगीज साम्राज्याच्या दोन टोकांना जन्मलेल्या दोन गोलरक्षकांच्या कारकिर्दी शेजारी ठेवल्या, की तो अधिक स्पष्ट दिसतो. एकाचे जन्मस्थान मोझांबिक, दुसऱ्याचे गोवा.

३/ आल्बेर्तो दा कॉस्ता पेरेरा १९२९ साली मोझांबिकमधील नाकाला येथे जन्मला. तेथे खेळात नाव कमावून तो १९५४ मध्ये लिस्बनच्या बेनफिका क्लबात दाखल झाला. पोर्तुगालने १९५१ मध्येच 'वसाहत' हा शब्द टाकून 'सागरपार प्रांत' हे नाव स्वीकारले होते. मोझांबिक आणि गोवा हे पोर्तुगालचेच भाग आहेत, असा सालाझारच्या राजवटीचा दावा होता. आफ्रिकेतून आलेले खेळाडू पोर्तुगालच्या जर्सीत दिसले, की त्या दाव्याला आयता पुरावा मिळे.

४/ आणि ते खेळाडू विलक्षण होते. ३१ मे १९६१ रोजी बर्न येथे बेनफिकाने बार्सिलोनाला ३-२ असे नमवून युरोपियन चषक जिंकला. सातच महिन्यांत, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला. पुढच्या मे महिन्यात बेनफिकाने अॅमस्टरडॅमला रेआल माद्रिदचा ५-३ असा पराभव करून चषक राखला. त्या संघातील कॉस्ता पेरेरा, कोलुना आणि युसेबियो हे तिघेही मोझांबिकमध्ये जन्मलेले. साम्राज्य मैदानावर जिंकत होते आणि नकाशावर आक्रसत होते.

५/ कॉस्ता पेरेराने पोर्तुगालची आठ लीग विजेतेपदे मिळवली, देशासाठी २२ सामने खेळला. तरीही त्याच्या नावाला एक क्षण कायमचा चिकटला. १९६५ चा युरोपियन चषकाचा अंतिम सामना मिलानमध्ये, भर पावसात, इंटर मिलानच्या घरच्या मैदानावर झाला. जाइरचा फटका त्याच्या हातून निसटला आणि तोच सामन्यातील एकमेव गोल ठरला. उत्तरार्धात तो जखमी झाला. बदली खेळाडूची मुभा तेव्हा नव्हती, म्हणून बचावपटू जेर्मानोला गोलपोस्टमध्ये उभे राहावे लागले. गोलरक्षकाने अडवलेले शेकडो फटके विस्मृतीत जातात. सुटलेला एक इतिहासात राहतो.

६/ आता गोव्याकडे. येथे फुटबॉल रुजवण्याचे श्रेय दिले जाते ते एका इंग्रज धर्मगुरूला. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी १८८३ मध्ये शिवोलीत हा खेळ आणला. पुढे गावोगावच्या चर्चच्या पटांगणांत आणि कापणीनंतर मोकळ्या पडलेल्या शेतांत तो वाढला. धर्माची सीमाही त्याने ओलांडली.

७/ कॉस्ता पेरेरा लिस्बनला पोहोचला त्याच वर्षी, ६ मार्च १९५४ रोजी, ताळगाव येथे ब्रह्मानंद शंखवाळकर यांचा जन्म झाला. गोवा मुक्त झाला तेव्हा ते सात वर्षांचे होते. गोव्यातील पोर्तुगीज सत्ता टिकली असती, तर त्यांच्यासाठीही कर्तृत्वाचा रस्ता कदाचित लिस्बनकडेच वळला असता. इतिहासाने तो भारतीय संघाकडे वळवला.

८/ साळगावकर क्लबकडून त्यांनी नाव कमावले. १९८३ मध्ये गोव्याने बंगालसह संतोष करंडक संयुक्तपणे जिंकला. पुढच्या वर्षी मद्रास येथे, त्यांच्या नेतृत्वाखाली, गोव्याने पंजाबला १-० असे हरवून तो एकट्याने पटकावला, आणि तोही संपूर्ण स्पर्धेत एकही गोल न स्वीकारता. याच दशकात ते भारताचे कर्णधार झाले. १९९७ चा अर्जुन पुरस्कार आणि २०२२ मधील पद्मश्री ही त्या कारकिर्दीची सरकारदरबारी झालेली नोंद.

९/ पोर्तुगाल ज्याला आपला 'प्रांत' म्हणत असे, तेथे जन्मलेला मुलगा भारताचा कर्णधार झाला. मोझांबिकला स्वातंत्र्य मिळाले २५ जून १९७५ रोजी. तोवर कॉस्ता पेरेराची कारकीर्द संपली होती. मोझांबिकची राष्ट्रीय जर्सी घालावी की नाही, हे ठरवण्याची वेळच त्याच्यावर आली नाही.

१०/ विक्रमांच्या कोष्टकात खेळाडूच्या नावापुढे देश लिहिलेला असतो आणि तो आपण सहज वाचून पुढे जातो. त्या एका शब्दामागे तह, युद्धे, सत्तांतरे आणि जन्मतारखेचा योगायोग दडलेला असतो. बर्लिनला गेलेल्या अमरावतीकरांनाही तो रकाना सरळ भरता आला नसता. गोलरक्षक गोलपोस्ट राखतो. त्याच्या पाठीमागे कोणाचा देश उभा आहे, हे मात्र पुष्कळदा मैदानाबाहेरच ठरते.