इशारा होता, जबाबदार कुणी नव्हता

२६/११चा मुंबईवरचा दहशतवादी हल्ला अचानक घडला नाही. मुंबईला समुद्रातून धोका असल्याची कुणकुण गुप्तचर यंत्रणांना आधीच लागली होती. ती कुठपर्यंत पोचली आणि कुठे विरली, याचा हा घटनाक्रम.

१८ नोव्हेंबर २००८ : परदेशातील माहिती काढणाऱ्या ‘रॉ’ने उपग्रह फोनवरचे संभाषण टिपले. पाकिस्तानातील दहशतवादी संघटना ‘लष्कर-ए-तोयबा’ची बोट मुंबईच्या रोखाने येण्याची शक्यता पुढे आली.

१९ नोव्हेंबर : माहिती ‘आयबी’कडे गेली. देशांतर्गत गुप्तवार्ता तिच्याकडे. अटकेचा अधिकार मात्र तिला नाही.

२० नोव्हेंबर : सूचना तटरक्षक दलाकडे पोचली. पण प्रत्येक यंत्रणेचा वरिष्ठ वेगळा : ‘रॉ’ मंत्रिमंडळ सचिवालयात, ‘आयबी’ गृह खात्याखाली, तटरक्षक संरक्षण खात्याखाली, तर मुंबई पोलीस राज्य सरकारचे. शोध सुरू झाला. बोट सापडली नाही.

२३ नोव्हेंबर : दहा दहशतवाद्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट बळकावली. चार खलाशांना मारले, तांडेलाला मात्र बोट हाकायला जिवंत ठेवले. संशय पाकिस्तानी बोटीवर होता आणि मारेकरी भारतीय बोटीतून येत होते.

२६ नोव्हेंबर, संध्याकाळ : किनारा जवळ येताच तांडेलालाही ठार केले. दहाही जण रबरी होडीत उतरले. उपग्रह फोन ‘कुबेर’वरच राहिला.

रात्री साडेआठच्या सुमारास : कफ परेडजवळच्या कोळीवाड्यात होडी लागली. पाठीवर जड पिशव्या घेतलेल्या अनोळखी तरुणांना स्थानिकांनी हटकले. उडवाउडवीची उत्तरे देऊन ते शहरात शिरले.

साडेनऊच्या आसपास : लिओपोल्ड कॅफे आणि सीएसटी रेल्वे स्थानकात गोळीबार सुरू झाला. ताज आणि ओबेरॉय-ट्रायडंट ही हॉटेले, तसेच नरिमन हाउस यांवरही हल्ला झाला. दहशतवादविरोधी कमांडो दल ‘एनएसजी’चा मुंबईत तळ नव्हता. कमांडो उत्तरेतून विमानाने पहाटे पोचले.

२९ नोव्हेंबर, सकाळ : ताजमधील कारवाई संपली. १६६ जीव गेले होते.

डिसेंबरअखेर राष्ट्रीय तपास संस्थेचा (एनआयए) कायदा झाला, नंतर मुंबईत एनएसजीचा तळही आला. ही पावले गरजेचीच होती. पण एनआयएचे मुख्य काम तपासाचे आहे, आणि तपास बहुधा घटनेनंतरच सुरू होतो. घटना टाळायची तर प्रत्येक इशाऱ्यावर कारवाई करणारा एक अधिकारी नेमलेला हवा, आणि त्याने काय केले हे इशारा देणाऱ्याला ठरल्या मुदतीत कळवायला हवे. नुसता कागद पुढे सरकवला म्हणजे कर्तव्य संपले, असे मानणे नागरिकांच्या जिवाशी खेळणे आहे.