डोलकाठीचा बाक आणि शिडाचे पोट

बोदवडपासून समुद्र फार दूर. शीड मात्र तितके दूर नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, सुमारे पाचव्या शतकातल्या भित्तिचित्रात, तीन डोलकाठ्यांचे जहाज आहे. त्याची शिडे उंच आणि अरुंद आहेत.

शीड म्हणजे वारा अडवणारे नुसते फडके नव्हे. वाऱ्याच्या रोखाने तिरपे जाताना ते विमानाच्या पंखासारखे काम करते, आणि त्यासाठी त्याला बेताचे पोट, म्हणजे फुगवटा, लागतो. मंद वाऱ्यात मोठे पोट चालते; वारा वाढला की तेच पोट नावेला पुढे नेण्याऐवजी कलंडवू पाहते. 22 ऑगस्ट 1851 रोजी 'अमेरिका' या नौकेने इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटाभोवतीची शर्यत जिंकली. इंग्रजांची शिडे जवसाच्या धाग्याची, ढगळ होती; 'अमेरिका'ची सुती, यंत्रावर घट्ट विणलेली, सपाट. कापसाच्या मुलखातल्या शिक्षकांनी हे वर्गात जरूर सांगावे!

पण सुती कापडही ताणले जाई, आकार बिघडे. 1950 नंतर पॉलिएस्टरची शिडे आली. आकार टिकू लागला. आता तो वाऱ्याप्रमाणे हुकमी बदलायचा कसा? उत्तर डोलकाठीत होते. स्वीडनच्या रिकार्ड सार्बी यांनी 1949 साली आखलेल्या 'फिन' या एकट्याने हाकायच्या नावेत डोलकाठीला आधाराचे दोर नाहीत, त्यामुळे ती वाकतेच. खेळाडू लाकडी डोलकाठी रंधून आपापल्या शिडाजोगी करू लागले.

हे वर्गात दाखवता येते. फडक्याची एक कड धनुष्यासारखी बाहेर फुगीर कापा आणि बांबूच्या सरळ कांबीला चिकटवा. जादा कापड आत ढकलले जाऊन पोट तयार होते. आता कांब त्याच बाकाने वाकवा. पोट नाहीसे होते.

जोडनावेत, म्हणजे कॅटामरानमध्ये, याला विशेष महत्त्व आहे. (शब्द तमिळ 'कट्टुमरम'वरून आला, अर्थ बांधलेले ओंडके, दोन नावा जोडण्याची तऱ्हा मात्र पॉलिनेशियाची.) ती इतकी वेगवान असते की तिच्यावर बसणाऱ्याला वारा जवळजवळ समोरूनच येतो, म्हणून शीड चपटे लागते. 1976 ते 2008 या काळात ऑलिंपिकमध्ये असलेल्या 'टॉर्नेडो'ची डोलकाठी तर स्वतःभोवती फिरतेही. किती फिरवली यावर ती कोणत्या बाजूला किती वाकेल हे ठरते.

म्हणून शीड शिवणारा आधी डोलकाठीची चौकशी करतो. ती आडवी ठेवून, दोन्ही टोकांना आधार देऊन, मध्ये वजन टांगतात आणि किती मिलिमीटर खाली आली ते मोजतात. यंग गुणांक काढताना आपण प्रयोगशाळेत पट्टीवर करतो तोच हा प्रयोग. मग त्या आकड्यावरून कापडाच्या कडेचा बाक कापला जातो.