पुसलेल्या फितींचा इतिहास

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी, बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकल्पित मालिका सुरू झाली. त्या गदारोळात पहिला भाग पुष्कळांचा हुकला. पुढल्या शनिवारी तो पुन्हा दाखवावा लागला. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट तेव्हा अवघ्या २७ वर्षांच्या. दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौचे, त्यांच्याहूनही लहान. लाइम ग्रोव्हच्या जुनाट स्टुडिओत चित्रित केलेला पहिला प्रयत्न विभागप्रमुख सिडनी न्यूमन यांना पसंत पडला नाही. तो भाग सगळाच नव्याने करावा लागला. न्यूमन यांना परग्रहावरील राक्षस मुळीच नको होते. तरी डॅलेक आले, आणि त्यांनीच मालिका तारली!

पण आम्हांस अधिक चटका लावते ती पुढची हकीकत. ध्वनिचित्रफीत महाग, म्हणून तीच पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत होती. काटकसरीला आम्ही दोष देत नाही. परंतु परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्मच्या प्रतीही पुढे जागेच्या सबबीवर नष्ट झाल्या, याला काय म्हणावे? पहिल्या सहा वर्षांच्या २५३ भागांपैकी नव्वदहून अधिक भाग गेले. दोन भाग १९८३ साली लंडनमधील एका मॉर्मन प्रार्थनामंदिराच्या तळघरात मिळाले. नऊ २०१३ साली नायजेरियातून परतले.

ध्वनी मात्र प्रत्येक भागाचा उरला आहे. तो संस्थेने नव्हे, तर घरी दूरदर्शनसंचाजवळ ध्वनिमुद्रक ठेवून बसणाऱ्या सामान्य प्रेक्षकांनी राखला.