नजरेचा माग

हरवलेली किल्ली शोधताना आपली नजर खोलीभर सलग फिरते असं वाटतं. खरं तर ती उड्या मारते, सेकंदाला तीन-चार. दोन उड्यांच्या मध्ये जिथे ती क्षणभर टेकते, तिथलंच तेवढं स्पष्ट दिसतं. १८७९ च्या सुमारास पॅरिसमध्ये एमिल जाव्हाल यांच्या प्रयोगशाळेत वाचकाच्या डोळ्यांच्या या उड्या लक्षात आल्या. त्याच सुमारास एवाल्ड हेरिंग यांनी पापणीवर रबरी नळ्या टेकवून या उड्या चक्क कानांनी ऐकल्या.

पण ऐकलेलं कागदावर कसं उतरवायचं? अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी १८९८ मध्ये जे केलं ते वाचतानाही डोळे मिटावेसे वाटतात. कोकेनने डोळा बधिर करायचा, बुबुळावर प्लास्टरची इवलीशी वाटी बसवायची, बाहुलीसमोर भोक ठेवायचं. वाटीला जोडलेला ॲल्युमिनियमचा हलका काटा काजळी धरलेल्या कागदावर नजरेची वाट ओरखडत जाई. १९०१ मध्ये रेमंड डॉज आणि थॉमस क्लाइन यांनी डोळ्यावर चमकणाऱ्या प्रकाशबिंदूचं छायाचित्रण सुरू केलं, आणि डोळ्याला हात लावायची गरज संपली.

या तंत्राचं सोनं केलं ते शिकागोच्या गाय बसवेल यांनी. १९३५ च्या त्यांच्या पुस्तकातला एक प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. ट्रिब्यून टॉवर या उंच इमारतीचं चित्र एकाला आधी नुसतंच पाहू दिलं. मग सांगितलं, कुठल्या तरी खिडकीतून डोकावणारा माणूस शोध. चित्र तेच, डोळे तेच, पण नजरेची वाट पार बदलली. नजर कुठे जाणार हे समोरच्या चित्राइतकंच मनातला प्रश्नही ठरवतो, हे इथे उघड झालं. त्याचं श्रेय बहुतेक वेळा मॉस्कोच्या अल्फ्रेड यार्बुस यांना दिलं जातं. रशियन चित्रकार रेपिन यांचं एकच चित्र वेगवेगळे प्रश्न विचारून दाखवण्याचा त्यांचा प्रयोग देखणा आहे यात शंका नाही, पण त्यांचं पुस्तक १९६५ चं. पहिला मान बसवेल यांचाच.

पुढे हे तंत्र इस्पितळात पोचलं. छातीच्या एक्स-रेमधली गाठ डॉक्टरांच्या नजरेतून का सुटते, हे हॅरॉल्ड कुंडेल आणि कॅल्व्हिन नोडाइन यांनी १९७८ मध्ये तपासलं. सुटलेल्या बऱ्याचशा गाठींवर नजर टेकलेली होती, काहींवर तर चांगली रेंगाळलेलीही होती, आणि तरीही डॉक्टरांनी ती गाठ नाही असाच निर्वाळा दिला होता.