११२ भोकांची चकती

लाकडाचा खांब लेथवर कातणं हे अर्धंच काम. त्याच्यावर उभ्या पन्हळी पाडायच्या म्हटल्या की सगळा हिशेब उलटा होतो. कातताना लाकूड फिरतं आणि हत्यार स्थिर असतं. पन्हळीसाठी लाकूड घट्ट धरायचं, राउटर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचा, मग खांब नेमका पंधरा अंश फिरवून पुन्हा धरायचा. असं चोवीस वेळा. दर वेळी अर्धा अंश जास्त झाला तर शेवटची पन्हळ पहिलीच्या अंगावर चढते. लाकूड असं मोजून अडवून धरणारी भोकांची चकती म्हणजे इंडेक्स व्हील. ती स्पिंडलवर बसते आणि लेथच्या अंगाला लावलेली खिटी एकेका भोकात जाते. यंत्रात यापेक्षा साधा भाग दुसरा नसेल.

आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच लेथवर अशी २४ किंवा ३६ भोकं आधीच असतात. २४ मध्ये दोन, तीन, चार, सहा, आठ आणि बारा भाग निघतात, ३६ मध्ये नऊ आणि अठरा. पण सदाफुलीचं पाच पाकळ्यांचं फूल एखाद्या डबीच्या झाकणावर हवं असेल तर दोन्ही चकत्या हात टेकतात. म्हणून माणूस मोठी, जास्त ओळींची चकती शोधायला लागतो आणि शोधता शोधता होल्त्झाप्फेल या नावापाशी पोचतो. मीही तसाच पोचलो आणि तिथेच अडकलो.

जॉन जेकब होल्त्झाप्फेल मूळचा स्ट्रासबुर्गचा. १७९२ मध्ये तो लंडनला आला आणि १७९५ मध्ये त्याने आपला पहिला लेथ विकला. पुढे शंभरावर वर्षं या घराण्याचे लेथ म्हणजे हौशी श्रीमंतांची मिरवायची चीज होती. हस्तिदंत आणि काळं आफ्रिकन लाकूड यांवर जाळीसारखी नक्षी त्यावर निघत असे. या लेथच्या पुलीच्या पितळी तोंडावरच भोकांची वर्तुळं कोरलेली असत आणि त्यांचे ठरलेले आकडे असे: ९६, ११२, १२०, १४४, १९२, ३६०.

हे आकडे पुन्हा वाचा. ३६० कळतं, ते अंश आहेत. १२० आणि १४४ या पुष्कळ भाग पडणाऱ्या सोयीच्या संख्या. पण ९६ आणि त्याची दुप्पट १९२ दोन्ही कशाला, आणि ११२ हा कुठून आला?

९६ चं उत्तर मला लाकूडकामात सापडलं नाही, ते सापडलं ग्रीनिचच्या वेधशाळेत. १७२५ मध्ये जॉर्ज ग्रॅहमने एडमंड हॅलीसाठी तिथल्या भिंतीवर आठ फूट त्रिज्येचं एक पाववर्तुळ बसवलं. ताऱ्यांची उंची मोजायचं हे यंत्र, आणि त्याच्यावर एकाला लागून एक असे दोन मापांचे कंस होते. एक नव्वद अंशांचा. दुसरा ९६ भागांचा!

काटकोनाचे ९६ भाग का करायचे? कंपास हातात घेतला की कळतं. कंपास त्रिज्येइतका उघडून वर्तुळावर टेकवला की साठ अंशांचा कंस मिळतो, आणि तो अगदी अचूक असतो. काटकोनाचे ९६ भाग धरले तर या कंसात त्यातले ६४ येतात. आता ६४ चे नुसते अर्धे करत जायचं: ३२, १६, ८, ४, २, १. तिसरा किंवा पाचवा भाग कुठेच काढावा लागत नाही. कंपासने अर्धा भाग जितका नेमका काढता येतो तितकं दुसरं काहीच येत नाही. नव्वदच्या मापात मात्र साठाचे तीस, तिसाचे पंधरा झाले की गाडी अडते. म्हणून ९६ चं माप नव्वदच्या मापाची चूक पकडण्यासाठी शेजारी कोरलेलं होतं.

पुढे जॉन बर्डने ही युक्ती आणखी ताणली. बर्ड मूळचा डरहॅमचा विणकर. घड्याळांच्या तबकड्यांवरच्या खुणा त्याला ओबडधोबड वाटल्या आणि त्या आखण्यापासून त्याचा धंदा सुरू झाला. त्याने नव्वदच्या मापासाठी ८५ अंश २० कलांचा कंस निवडला. त्यात पाच-पाच कलांचे बरोबर १०२४ भाग येतात आणि १०२४ म्हणजे दहा वेळा दुप्पट केलेला एक. त्या कंसाची जीवा आकडेमोडीने काढायची, कंपासने टाकायची आणि मग पुन्हा अर्धे करत जायचं. ही रीत जगासमोर मांडावी म्हणून बोर्ड ऑफ लाँगिट्यूडने त्याला ५०० पौंड दिले आणि १७६७ मध्ये ती छापून आली.

आता आक्षेप येतो आणि तो योग्य आहे. ग्रॅहमचे ९६ भाग पाववर्तुळाचे होते, म्हणजे पूर्ण वर्तुळाचे ३८४. लेथच्या चकतीवर ९६ भोकं पूर्ण वर्तुळात असतात. मग नातं कसं लावायचं? माझं म्हणणं असं, की नातं आकड्यापेक्षा रीतीचं आहे. ३८४ चे अर्धे १९२ आणि त्याचे अर्धे ९६. त्रिज्येने पडलेले सहा भाग दुप्पट करत गेलात तर १२, २४, ४८, ९६, १९२ हीच साखळी मिळते. चकतीवर ९६ आणि १९२ दोन्ही आहेत ते यामुळेच. कामापुरतं पाहिलं तर १९२ असताना ९६ ची गरजच नाही, एक सोडून एक भोक घेतलं की झालं. सोयीसाठी आकडे निवडणाऱ्याने ९६ ची ओळ कोरण्यात पितळ वाया घालवलं नसतं.

पण ९६ ला आणखी एक बाप आहे आणि त्याच्याकडूनच आपण ११२ पर्यंत जातो. अठराव्या शतकातलं आठ दिवसांनी किल्ली द्यायचं इंग्लिश उभं घड्याळ उघडून पाहा. पहिल्या मोठ्या चाकाला बहुधा ९६ दाते असतात आणि ते आठ दात्यांच्या पिनियनला, म्हणजे लहान चाकाला, बारा तासांत बारा फेरे देतं. त्या पिनियनबरोबर फिरणाऱ्या मधल्या चाकाला, म्हणजे मिनिटकाट्याच्या चाकाला, साठ दाते. तिसऱ्या चाकाला छप्पन्न, त्याच्या पिनियनला आठ. शेवटच्या चाकाला तीस, त्याच्या पिनियनला सात. साठाला आठाने भागलं की साडेसात, छप्पन्नाला साताने भागलं की आठ, आणि साडेसात गुणिले आठ म्हणजे साठ. मिनिटकाटा एक फेरा घेतो तेवढ्यात सेकंदकाटा साठ फेरे घेतो. तासकाट्याच्या चाकाला बहात्तर दाते असतात.

आता होल्त्झाप्फेलची चकती शेजारी ठेवा. ९६ च्या ओळीत पहिलं चाक निघतं. १२० मध्ये साठचं आणि तीसचंही. १४४ मध्ये बहात्तरचं. छप्पन्नचं चाक फक्त ११२ मध्ये निघतं. काळ दाखवणारी सगळी चाकं त्या चकतीवर कापता येतात, आणि ११२ ची ओळ काढून टाकली तर नेमकं एक चाक अडतं. माझा सिद्धांत एवढाच आहे: लाकूड कातणाऱ्यांची ही चकती घड्याळजीच्या दाते कापायच्या यंत्रावरून आली आणि येताना त्याचे आकडे घेऊन आली.

दाते कापायचं यंत्र कोणाचं, यावर वेगळं भांडण आहे. विल्यम डेरहॅमच्या १६९६ च्या पुस्तकात त्याचं श्रेय रॉबर्ट हूकला दिलं आहे. त्याच्या शंभरावर वर्षं आधी हुआनेलो तुर्रिआनोने सम्राट पाचव्या चार्ल्सच्या घड्याळासाठी असंच यंत्र केलं होतं आणि अँब्रोसिओ दे मोरालेसने त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. मान तुर्रिआनोला द्यावा, पण माझ्या कथेतला धागा लंडनचाच आहे, कारण तिथे घड्याळ आणि आकाश एकाच दुकानात भेटले. ग्रॅहम मुळात घड्याळजी. थॉमस टॉम्पियनच्या हाताखाली तो तयार झाला, टॉम्पियनच्या पुतणीशी त्याचं लग्न झालं आणि दोघांना वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये एकाच थडग्यात पुरलं आहे. दाते कापणारा आणि कंस आखणारा माणूस एकच असेल, तर दोन्हींचे आकडे एका चकतीवर येणं साहजिक आहे.

या सिद्धांतावर तीन बाजूंनी हल्ला होतो.

पहिला फ्रेंच बाजूने. होल्त्झाप्फेल स्ट्रासबुर्गहून आला, चार्ल्स प्लूमिएचा कातकामावरचा ग्रंथ लिओंमध्ये १७०१ मध्येच छापलेला होता, मग चकतीही तिकडचीच कशावरून नाही? पण त्या परंपरेचं वैभव म्हणजे रोझ इंजिन. त्यात लाटांच्या कडांची चाकं स्पिंडलला डोलवतात आणि नक्षीची पुनरावृत्ती त्या लाटांच्या संख्येतूनच येते. तिथे लाकूड थांबवून, मोजून, पुन्हा धरण्याची गरज फारशी पडत नाही. थांबणं आणि मोजणं ही घड्याळजीची सवय आहे.

दुसरा हल्ला अठ्ठ्याहत्तरचा. बारा तासांत घड्याळ एकूण ७८ ठोके देतं आणि जुन्या पद्धतीत ते मोजणाऱ्या चाकाचे ७८ भाग पाडावे लागत. ७८ मध्ये १३ चा गुणक आहे आणि होल्त्झाप्फेलच्या एकाही ओळीत तो नाही. चकती घड्याळजीची असती तर ७८ गाळला असता का? गाळला असता, आणि कारण सरळ आहे. १६७६ च्या सुमारास एडवर्ड बार्लोने ठोके मोजण्याची रॅक पद्धत काढली आणि लंडनच्या चांगल्या घड्याळांतून ते ७८ भागांचं चाक हळूहळू मागे पडत गेलं. १७९५ पर्यंत नव्या चकतीवर ७८ ची ओळ कोरायला कोणाचा हात वळला नसता.

तिसरा हल्ला नुसत्या अंकगणिताचा आणि तोच सगळ्यांत जड. बाकीच्या पाचही ओळींत २, ३, ५ हेच गुणक आहेत. सात भागांचं फूल हवं तर साताचा गुणक असलेली एक ओळ लागणारच, म्हणून ११२, यात घड्याळ आणायचं कशाला? ठीक. पण मग ११२ च का? १६८ घ्या. त्यात ७, १४, २८, ५६ तर येतातच, शिवाय २१, ४२ आणि ८४ ही मिळतात. १६८ हा १४४ आणि १९२ च्या मधोमध बसतो, कोरायला अवघड नाही. ज्याला फक्त सात पाहिजे होते त्याने १६८ घेतला असता. ११२ घेणाऱ्याच्या डोक्यात छप्पन्न आधीच बसलेलं होतं, नवे भाग किती मिळतात ही मोजदाद त्याने केलीच नाही. ११२ म्हटलं की इंग्लिश हंड्रेडवेटचे ११२ पौंडही कोणाला आठवतील, पण ते आठ स्टोनचे झाले. वर्तुळाशी त्यांचं काही देणंघेणं नाही.

या वंशाची थोरली शाखा जेसी रॅम्सडेनची. त्याच्या खुणा पाडायच्या यंत्राचं वर्णन १७७७ मध्ये छापून आलं आणि बोर्डाने त्यासाठी एकूण ६१५ पौंड मोजले. ४५ इंची चाकाला २१६० दाते, स्क्रूच्या एका फेऱ्याला दहा कला. ते चाक आखताना त्याने आधी पाच भाग केले, प्रत्येकाचे तीन, मग चार वेळा अर्धे, म्हणजे २४०. प्रत्येक भागात नऊ दाते. अर्धं करणं इथेही सुटलेलं नाही. विल्यम कॅरी त्याचाच शिष्य आणि कॅरीचाच अर्ध्या टनाचा थिओडोलाइट घेऊन विल्यम लॅम्बटनने हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर चढवताना दोर तुटला आणि त्या यंत्राचं खुणांचं वर्तुळ वाकडं झालं. लॅम्बटनने तंबूत बसून सहा आठवडे खपून ते स्वतः सरळ केलं. वर्तुळावरच्या खुणा बिघडल्या तर सगळी मोजणी वाया जाणार होती. याच मोजणीच्या कामात हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी तो वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला आणि त्याचं थडगं तिथेच आहे.

कारखान्यांची शाखा वेगळी निघाली. ब्राउन अँड शार्पच्या डिव्हायडिंग हेडमध्ये ४० ला १ असा वर्म असतो आणि त्याच्या प्लेटांवर ३७, ४१, ४३, ४७ असले अविभाज्य आकडे सर्रास दिसतात. गिअर कापणाऱ्याला ते लागतात. लाकूड कातणाऱ्यांच्या चकतीवर ते सहसा येत नाहीत, कारण त्रेचाळीस पाकळ्यांचं फूल कोणी मागत नाही. आपल्या सावंतवाडीच्या लाखकामात तर या भानगडीचीच गरज नाही. तिथे रंगाच्या कड्या फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून चढतात, वर्तुळाचे भाग पाडायची वेळच येत नाही.

चकती घरी करायची असेल तर सहा मिलिमीटरचा चांगला प्लाय किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या आणि व्यास शक्य तितका मोठा ठेवा. दोनशे मिलिमीटरच्या चकतीवर भोक अर्धा मिलिमीटर सरकलं तर पन्नास मिलिमीटरच्या खांबावर ती चूक फक्त पाव पटीने, म्हणजे आठवा भाग मिलिमीटर इतकीच उतरते. आखणी संगणकावर काढून कागद चिकटवता येतो. जुन्या गोल करवतीचं ४० किंवा ६० दात्यांचं पातंही पुष्कळ जण चकती म्हणून वापरतात. मात्र काही पात्यांचे दाते आवाज कमी व्हावा म्हणून मुद्दाम कमी-जास्त अंतरावर ठेवलेले असतात, ते आधी मोजून पाहा. कोणत्याही चकतीवर मोटर सुरू करण्याआधी खिटी बाहेर ओढलीच पाहिजे.

ओळी निवडताना ९६ ऐवजी १९२ घ्या, १२० आणि १४४ ठेवा, ३६० ला जागा नसेल तर सोडा. सातासाठी १६८ घ्या. ११२ ची ओळ मी माझ्या चकतीवर तरीही कोरली आहे, तिच्यावर छप्पन्न दात्यांचं लाकडी चाक कापून एक घड्याळ करायचं आहे.