कोयनेचा हादरा आणि आपण

११ डिसेंबर १९६७. रमजानचा महिना, सहरीची वेळ. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी सातारा जिल्ह्यातील कोयनानगरचा परिसर हादरला व सुमारे १८० माणसे प्राणास मुकली. ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून आपण मोकळे होतो. परंतु १९६२ साली शिवाजीसागर भरू लागला तेव्हापासून त्या भागात लहानमोठे धक्के बसत होते. १३ सप्टेंबर १९६७ रोजी तर चांगलाच मोठा धक्का बसला होता, म्हणजे अवघे तीन महिने अगोदर! तरीही दख्खनचा खडक अचल आहे, ही जाणत्यांची समजूत सुटली नाही. दगडमातीच्या भिंती होत्या तशाच राहिल्या आणि निजलेल्या लेकरांवर त्याच कोसळल्या. धक्का खुदाच्या हुकमाने आला असेल. भिंती माणसांनीच रचल्या होत्या. तवक्कुल म्हणजे हातपाय गाळून बसणे नव्हे, हे आपल्या घराघरांत सांगितले जाते ना?

हीच कोयना कऱ्हाडला कृष्णेस मिळते आणि पुढे सांगलीकडे जाते. तेथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुरातून ब्रह्मनाळच्या लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. बोटी अपुऱ्या, माणसे फार. १७ जण बुडाले, त्यांत बायका आणि मुलेही होती.